मुक्या नमुन्यांपासून गाण्यापर्यंत: सिकाडांच्या वर्गीकरणाचा इतिहास

रायपूरला लागून असलेले बीरगांव हे उरला औद्योगिक वसाहतीच्या शेजारचे, कारखान्यांच्या आवाजाची सवय झालेले शहर. अशा ठिकाणी उन्हाळ्याच्या भर दुपारी एखाद्या कडुनिंबावरून कानस घासल्यासारखा अखंड, तीव्र स्वर येऊ लागला, तर मराठी घरातील मूल म्हणेल, "रातकिडा." शेजारच्या हिंदी घरातील मूल म्हणेल, "झींगुर." दोघांनीही आवाज बरोबर ऐकलेला असतो, पण दोघांचेही शब्द दुसऱ्याच कीटकाचे असतात.

रातकिडा रात्री गातो आणि पुढचे पंख एकमेकांवर घासून आवाज काढतो. तो नाकतोड्यांच्या गणातला. कडुनिंबावर बसून दुपारी गाणारा कीटक सिकाडा. तो झाडाचा रस शोषतो, त्याची पिल्ले जमिनीखाली मुळांचा रस पीत वर्षानुवर्षे काढतात आणि त्याचे नातलग म्हणजे तुडतुडे, मावा आणि ढेकूण. रातकिडा आणि सिकाडा यांच्यात आवाजापलीकडे फारसे साम्य नाही.

नावांचा हा घोळ केवळ बोलीभाषेतला असता, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु विज्ञानाच्या दप्तरातही सिकाडा दीर्घकाळ चुकीच्या नावांनी नोंदले गेले आहेत. २०२५ मध्ये केरळमधील एका सिकाडाला 'पुराना चीवीडा' हे नाव मिळाले. 'चीवीडु' हा सिकाडासाठी मल्याळम भाषेतला रूढ शब्द. बातम्यांत ही 'नवी जाती' ठरली. पण ती कुणी प्रथमच पाहिली होती असे नाही. शंभराहून अधिक वर्षे दक्षिण भारतातील या कीटकाला 'पुराना टायग्रिना' म्हटले जात होते. ते नाव १८५० साली मलायातील एका सिकाडाला दिले गेले होते. केरळच्या जंगलात गाणारा एक प्राणी शतकभर परक्या देशातील प्राण्याच्या नावाने नोंदला जात राहिला, हे कसे घडले? त्याचे उत्तर सिकाडांच्या वर्गीकरणाच्या इतिहासात आहे.

एक नाव, अनेक कीटक

प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ कार्ल लिनियसच्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून मानला जातो. त्या ग्रंथात 'सिकाडा' हे नाव एका प्रजातीचे आहे. (मराठी शास्त्रीय परिभाषेत जवळच्या जातींच्या गटाला प्रजाती, प्रजातींच्या गटाला कुल आणि कुलांच्या गटाला गण म्हणतात.) पण लिनियसच्या या एका प्रजातीत आज ज्यांना आपण सिकाडा म्हणतो तेवढेच कीटक नव्हते. तुडतुडे, डोक्यावर लांब शिंगासारखा भाग असणारे कंदीलकिडे, पाठीवर काट्यासारखी ढाल असणारे कीटक असे कितीतरी रसशोषक त्यात एकत्र बसवलेले होते.

लिनियसचा शिष्य योहान ख्रिस्टियान फॅब्रिशियस याने १७७५ मध्ये हे गाठोडे सोडवायला घेतले. त्याने गाणाऱ्या सिकाडांना 'टेट्टिगोनिया' म्हटले आणि 'सिकाडा' हे नाव तुडतुड्यांकडे सरकवले. ग्रीक भाषेत 'टेट्टिक्स' म्हणजे सिकाडा, त्यामुळे निवड तर्कशुद्ध वाटते. अडचण अशी की, लिनियसने टेट्टिगोनिया हा शब्द आधीच लांब मिशांच्या नाकतोड्यांच्या एका गटासाठी वापरलेला होता. आज ते नाव नाकतोड्यांकडेच आहे. म्हणजे मराठीत 'रातकिडा' या शब्दाने जी सरमिसळ होते, तीच लॅटिनमध्ये युरोपातील पहिल्या प्रतीच्या विद्वानांनी केली होती. भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळणाऱ्या एका सिकाडाला फॅब्रिशियसने १७९८ मध्ये दिलेले नाव होते 'टेट्टिगोनिया ऑक्टोगुटाटा', अर्थात आठ ठिपक्यांचा. तोच कीटक आज 'प्लॅटिप्ल्युरा ऑक्टोगुटाटा' आहे. आठ ठिपके टिकले, पहिला शब्द मात्र बदलला.

सिकाडांचे स्वतंत्र कुल, सिकाडिडी, १८०२ मध्ये पिएर आंद्रे लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाच्या नावावर नोंदले गेले. याच लात्रेयने १८२५ मध्ये 'टिबिसेन' हे एक प्रजातीनाम दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पावा वाजवणारा. नाव देखणे होते, पण ते नेमक्या कोणत्या जातीवर आधारलेले आहे, याविषयी पुढच्या विद्वानांत एकमत झाले नाही. एका गटाने ते एका युरोपीय सिकाडाला लावले, दुसऱ्याने दुसऱ्याच. हा वाद इतका लांबला की, प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये अखेर 'टिबिसेन' हे नावच बाद ठरवले. जवळजवळ दोनशे वर्षांच्या ग्रंथांत विखुरलेला एक शब्द निर्णयाच्या एका फटक्यात इतिहासजमा झाला.

खणांतील मुके गायक

एकोणिसाव्या शतकात युरोपीय सत्तांचा विस्तार झाला आणि त्यांच्याबरोबर कीटकांच्या पेट्याही प्रवास करू लागल्या. लष्करी अधिकारी, चहामळ्यांचे व्यवस्थापक, वनाधिकारी, मिशनरी यांनी पकडलेले कीटक लंडन, पॅरिस, स्टॉकहोम येथील संग्रहालयांत पोहोचत. त्यांच्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर बहुधा जेमतेम एखादे प्रांताचे किंवा बंदराचे नाव असे. कोणत्या झाडावर, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या महिन्यात तो कीटक मिळाला, हे लिहिण्याची पद्धत नव्हती. तो कसा गात होता, हे लिहिण्याचा तर प्रश्नच नव्हता.

ब्रिटिश म्युझियमसाठी फ्रान्सिस वॉकर याने अशा पेट्यांतील कीटकांच्या लांबलचक याद्या केल्या. १८५० मधील त्याच्या यादीत अनेक आशियाई सिकाडांना प्रथम नावे मिळाली. 'टायग्रिना' हे नाव त्यांतलेच. वॉकरच्या कामाचा वेग प्रचंड होता आणि वर्णने त्रोटक. एकाच जातीला वेगवेगळी नावे पडणे आणि वेगवेगळ्या जाती एकाच नावाखाली जाणे, या दोन्ही चुकांना त्यामुळे वाव राहिला. पुढच्या पिढ्यांचे बरेच श्रम त्या दुरुस्त करण्यात गेले.

भारतीय सिकाडांच्या अभ्यासाला खरा आकार दिला विल्यम लुकास डिस्टंट याने. १८४५ मध्ये जन्मलेला डिस्टंट एका देवमासे पकडणाऱ्या जहाजाच्या कप्तानाचा मुलगा. उपजीविकेसाठी तो लंडनमध्ये कातडी कमावण्याच्या व्यवसायात होता. कीटक हा त्याचा फावल्या वेळचा ध्यास. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने १८८९ ते १८९२ या काळात त्याचा पौर्वात्य सिकाडांवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील १९०६ च्या खंडात त्याने तत्कालीन ब्रिटिश भारतातील सिकाडांची संगतवार मांडणी केली. 'पुराना' हे प्रजातीनाम त्यानेच १९०५ मध्ये दिले. भारतीय सिकाडांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही 'डिस्टंट' हे आडनाव वारंवार दिसते.

डिस्टंटपुढे प्रश्न होता तो शेकडो जाती लावाव्यात कशा हा. त्याने निवडलेली खूण समजण्यासाठी सिकाडाच्या वाद्याची रचना थोडी जाणून घ्यावी लागते.

पत्र्याचा डबा आणि बाटली

नर सिकाडाच्या पोटाच्या तळाशी, दोन्ही बाजूंना एकेक ताठ, बहिर्वक्र पडदा असतो. त्याला टिंबल, मराठीत ध्वनिपटल, म्हणता येईल. त्यावर बरगड्यांसारख्या उभ्या घड्या असतात. आतला स्नायू आखडला की पटल आत वाकते, सैल झाला की पुन्हा बाहेर उसळते. पत्र्याच्या डब्याचे झाकण अंगठ्याने दाबल्यावर 'टक्' असा आवाज होतो, तीच ही क्रिया; काही जातींत ती सेकंदाला शेकडो वेळा घडते. नराचे पोट बव्हंशी पोकळ असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता आतली हवा विशिष्ट स्वरात घुमते, तशी ही पोकळी पटलाच्या स्पंदनांना अनुनाद देते. बोटाच्या पेराएवढा कीटक सारी वाडी दणाणून सोडतो, त्याचे रहस्य या अनुनादात आहे.

काही सिकाडांत हे ध्वनिपटल उघडे असते, काहींत त्यावर अर्धे, तर काहींत पूर्ण आच्छादन असते. डिस्टंटने हीच खूण धरून सिकाडांची तीन उपकुले केली: झाकलेल्या पटलाची, अर्धवट झाकलेल्या पटलाची आणि उघड्या पटलाची. ही खूण मेलेल्या, वाळलेल्या नमुन्यावरही भिंगाखाली स्पष्ट दिसते, म्हणून ती सोयीची होती. पण यात एक विचित्र विसंगती होती. गाणाऱ्या कीटकांची विभागणी त्यांच्या वाद्याच्या झाकणावरून होत होती आणि गाणे मात्र कुणी विचारात घेत नव्हते. एखाद्या संगीतज्ञाने तबले, पखवाज आणि ढोलक त्यांच्या गवसणीच्या कापडावरून वेगळे करावेत, तसा हा प्रकार होता.

झाकणाची साक्ष आणि जनुकांची साक्ष

सोयीची खूण आणि खरी खूण यांत फरक असतो. वर्गीकरणात एखादे लक्षण विश्वासार्ह ठरायचे, तर ते समान पूर्वजाकडून आलेले असावे लागते. वटवाघूळ आणि पोपट दोघांनाही पंख आहेत, म्हणून ते सख्खे होत नाहीत. ध्वनिपटलाच्या आच्छादनाचे तेच झाले. ते सिकाडांच्या वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाले आहे आणि काही शाखांत नाहीसेही झाले आहे, हे विसाव्या शतकात हळूहळू ध्यानात येऊ लागले. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅक्स मोल्ड्स यांनी शरीराच्या अनेक लक्षणांचा एकत्र विचार करून जुनी चौकट मोडली आणि उपकुलांची नवी मांडणी केली.

त्यानंतर डीएनए बोलू लागला. २०१८ मध्ये डेव्हिड मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील सिकाडांच्या जनुकांवरून कुलवृक्ष रचला आणि उपकुले पुन्हा तपासली. एक संपूर्ण नवे उपकुल त्यातून पुढे आले. पाठोपाठ २०१९ मध्ये अर्जेंटिनातील 'डेरोटेटिक्स' या लहानशा प्रजातीविषयी धक्कादायक निष्कर्ष निघाला. सिकाडांच्या शरीरात राहणाऱ्या सहजीवी जिवाणूंच्या जनुकांचीही साक्ष काढली असता, ही प्रजाती अन्य साऱ्या गाणाऱ्या सिकाडांपासून फार पूर्वीच वेगळी झालेली शाखा ठरली. तिच्यासाठी आणखी एक उपकुल करावे लागले. गाणाऱ्या सिकाडांच्या कुलाबाहेर उरतात त्या ऑस्ट्रेलियातील केसाळ सिकाडांच्या अवघ्या दोन जाती. त्या हवेतून गात नाहीत. झाडाच्या खोडातून कंपने पाठवून परस्परांशी संवाद साधतात. जणू गाण्याच्या शोधापूर्वीचा काळ त्यांनी जपून ठेवला आहे.

अशा रीतीने १७५८ मधील एका प्रजातीची आज दोन कुले, अनेक उपकुले आणि तीन हजारांहून अधिक ज्ञात जाती झाल्या आहेत.

गाणे पुराव्यात येते

दरम्यान काही शास्त्रज्ञांनी खणांकडून झाडांकडे मोर्चा वळवला होता. केंब्रिजचे जॉन प्रिंगल यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेतील, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमधील, सिकाडांच्या गाण्यांचा अभ्यास केला. स्नायू, ध्वनिपटल आणि मज्जातंतू मिळून गाणे कसे घडवतात, हे त्यांनी मोजून दाखवले आणि तेथील दोन नव्या जातींचे वर्णनही केले. भारतीय उपखंडातील सिकाडा प्रथमच केवळ वस्तू न राहता आवाज म्हणून विज्ञानात आले.

गाण्यातून दोन प्रकारची माहिती मिळते, हे येथे लक्षात घ्यावे. स्वराची उंची बऱ्याच अंशी शरीराच्या मापावर ठरते. लहान पोकळी उंच स्वरात घुमते, मोठी खालच्या. तालाचा आकृतिबंध, म्हणजे किती काळ आवाज, किती काळ विराम, कुठे चढ, कुठे उतार, हा मज्जासंस्थेच्या अधीन असतो. मादी आपल्या जातीचा नर ओळखते ती या गाण्यावरून. त्यामुळे दोन नमुने खणात हुबेहूब सारखे दिसले, तरी त्यांची गाणी वेगळी असतील, तर निसर्गात ते एकमेकांचे जोडीदार होत नाहीत. जातीच्या सीमेविषयी याहून थेट साक्ष मिळणे कठीण.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत मिळाले. तेथे १३ आणि १७ वर्षांनी एकाच वेळी जमिनीतून बाहेर पडणारे सिकाडा प्रसिद्ध आहेत. त्यांच्यावर दीडशेहून अधिक वर्षे संशोधन होत आले होते. तरीही २००० साली डेव्हिड मार्शल आणि जॉन कूली यांना १३ वर्षांच्या सिकाडांत एक न ओळखलेली जाती सापडली, आणि माग काढून दिला तो गाण्याने. दोन जातींचे प्रदेश जेथे एकमेकांवर येतात, तेथे एकीच्या गाण्याचा स्वर दुसरीपासून अधिक दूर, अधिक उंच झालेला होता. घोळ टाळण्यासाठी त्या जातीने जणू आपली पट्टी बदलली होती.

भारतातील एकशेदहा वर्षे

भारतात मात्र डिस्टंटच्या १९०६ च्या खंडानंतर मोठी स्तब्धता आली. सुट्या नोंदी होत राहिल्या, तुरळक नव्या जातीही जाहीर झाल्या. पण साऱ्या माहितीची एकत्र फेरमांडणी झाली नाही. डिस्टंटचा संग्रह लंडनमध्ये होता, नावे ज्यांवर आधारलेली होती ते मूळ नमुने बव्हंशी तिकडेच. भारतातील विद्यार्थ्याला आपल्या अंगणातील सिकाडाची खात्री करायची, तर समुद्रापार जावे लागे.

२०१६ मध्ये ही कोंडी काही अंशी फुटली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील बेंजामिन प्राइस व एलिझाबेथ अॅलन, अमेरिकेतील ख्रिस सायमन आणि भारतातील किरण मराठे, विवेक सरकार व कृष्णमेघ कुंटे यांनी भारत, बांगलादेश, भूतान, म्यानमार, नेपाळ आणि श्रीलंका या सहा देशांतील सिकाडांची सूची प्रसिद्ध केली. तीत २८१ जाती आहेत; त्यांपैकी १८९ भारत आणि बांगलादेश यांतील. पुण्यात शिकलेले आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात संशोधन करणारे कुंटे फुलपाखरांवरील कामासाठी सर्वपरिचित आहेत. फुलपाखरांप्रमाणेच सिकाडांचीही छायाचित्रे आणि नोंदी सामान्य निसर्गप्रेमींकडून मिळवून त्या सर्वांना खुल्या ठेवण्याची व्यवस्था याच प्रयत्नांच्या परिसरात उभी राहिली. या सूचीला तिच्या कर्त्यांनी शीर्षकातच 'तात्पुरती' म्हटले आहे. तो शब्द विनयाचा असेल, पण वस्तुस्थितीचाही आहे.

ती तात्पुरती का, हे ईशान्य भारताने दाखवून दिले. मेघालयातील री-भोई जिल्ह्यात दर चार वर्षांनी सिकाडांचे थवे जमिनीतून बाहेर येतात. खासी लोक त्यांना 'न्यांगतासेर' म्हणतात, मशालींच्या उजेडात गोळा करतात आणि आवडीने खातात. गावकऱ्यांना त्यांचे चक्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. विज्ञानाने त्यांना 'क्रेमिस्टिका रीभोई' हे नाव दिले ते २०१३ मध्ये. २०१०, २०१४, २०१८, २०२२ अशा त्यांच्या अवतरणाच्या वर्षांशी फुटबॉलच्या विश्वचषकाची वर्षे जुळतात, म्हणून त्यांना विश्वचषकाचे सिकाडा असेही म्हटले जाते. मेघालयातूनच अलीकडे फुलपाखरासारखे रंगीत पंख असणारी 'बेक्वार्टिना' ही प्रजाती भारतात प्रथमच नोंदली गेली.

नावाचे मोल

आता केरळच्या सिकाडाकडे परत यावे. शंभर वर्षे त्याला चुकीचे नाव होते, म्हणून त्याच्या गाण्यात काही फरक पडला नाही. फरक पडतो तो माणसाच्या हिशेबात. 'पुराना टायग्रिना' ही जाती मलायापासून केरळपर्यंत पसरलेली आहे, असे कागदावर होते. इतक्या विस्तीर्ण प्रदेशातील जातीची काळजी कोण करणार? एका डोंगरावरून ती नाहीशी झाली, तरी अन्यत्र ती आहेच, असे मानले गेले असते. नाव दुरुस्त झाले आणि चित्र पालटले. ती दक्षिण भारताची स्वतःची जाती आहे. येथून गेली, तर तिची जागा मलायातील कोणी भरून काढणार नाही.

सिकाडांच्या बाबतीत ही जोखीम अधिक आहे. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग जमिनीखाली झाडांच्या मुळांशी जातो. झाड तोडले, जमीन खणली किंवा सिमेंटने झाकली की पुढच्या कित्येक उन्हाळ्यांचे गायक एकाच दिवशी संपतात. आवाज थांबल्याचे लोकांच्या लक्षात येते ते काही वर्षांनी, आणि तेव्हा नेमके काय थांबले हे सांगायला त्या आवाजाचे नाव कुणाकडे नसते.

म्हणून बीरगांवच्या कडुनिंबाखालील मुलाचा प्रश्न लहान नाही. लिनियस, वॉकर, डिस्टंट यांच्यापाशी नसलेली एक गोष्ट आज पुष्कळ घरांत आहे: ध्वनिमुद्रण करणारा फोन. तारीख, वेळ, ठिकाण, झाडाचे नाव आणि अर्ध्या मिनिटाचे गाणे, एवढी नोंद एकोणिसाव्या शतकातील कित्येक चिठ्ठ्यांपेक्षा अधिक बोलकी आहे. छायाचित्र मिळाले, तर उत्तमच. त्या गाण्याला कोणते नाव द्यायचे हे ठरवायला तज्ज्ञांना कदाचित काही वर्षे लागतील. तोवर 'रातकिडा' हा शब्द खोडून त्या जागी 'सिकाडा, जाती अनिश्चित' असे लिहिणे, हेही वर्गीकरणाचेच काम आहे.